तीन वर्षे माझ्या पात्यांना चिकटा लागला नाही

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, कात्री म्हटले की तुम्हांला वाटेल, हिने झबली बेतली असतील, नाहीतर पतंगांचे कागद कापले असतील. तसले काही माझ्या नशिबी आले नाही. मी आयुष्यभर भाताच्या पानांची टोके कापली आणि कापता कापता त्या पानांना रोग लावला. रोग लावणे हे माझे नेमून दिलेले काम होते, त्यामुळे त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आज तुम्हांला सांगून टाकणार आहे.

माझा जन्म मेरठचा. एका ट्रकच्या मोडक्या पाट्याचे पोलाद तापवून, ठोकून मला घडवले. तिथून आगगाडीने मी थेट तंजावरच्या एका दुकानात येऊन पडले. एके दिवशी नमशिवायम सर नावाचे उंच, वाळकेसे गृहस्थ दुकानात आले. त्यांनी खिशातला चांगला रुमाल पाण्यात भिजवला आणि माझ्याकडून त्याचा कोपरा कापून पाहिला. एकही धागा न ओढता कोपरा सुटा झाला. दुकानदार त्या रुमालासाठी हळहळत राहिला, आणि मी सरांच्या पिशवीत जाऊन बसले.

सर मन्नारगुडीच्या बाजूला, कावेरीच्या कालव्याकाठी असलेल्या एका भात संशोधन केंद्रात काम करत. तिथे माझे काम असे होते. कडा करपा नावाचा भाताचा एक रोग आहे. तो फार बारीक जीवाणूंमुळे होतो. पान टोकाकडून पिवळे पडते, मग गवतासारखे वाळत खाली येते. केंद्रात हे जीवाणू काचेच्या नळीत पाळलेले असत. ते पाण्यात कालवले की पेल्यात पिवळसर दुधासारखे पाणी तयार होई. त्यात मला बुडवायचे आणि पानाचे टोक दोन बोटे कापायचे. चौदा दिवसांनी पट्टी लावून पाहायचे, की पान किती वाळले. जे वाण कमी वाळेल, ते रोगाला पुरून उरणारे. प्रत्येक वेळी शेजारी एक ओळ अशा नाजूक भाताची असे, की ते आजारी पडलेच पाहिजे. तिला सगळे साक्षीची ओळ म्हणत. साक्षीदारच आजारी पडला नाही, तर बाकीच्या तपासणीला काही अर्थ उरत नाही.

मला चालवणारा हात अंजलैचा होता. केंद्राला लागूनच तिचे गाव. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून ती सकाळी यायची, नळ्या धुवायची, रोपे लावायची आणि तपासणीच्या दिवसांत मला हातात घ्यायची. बावीस वर्षांत तिचे माप कधी चुकले नाही. दोन बोटे म्हणजे दोनच बोटे.

एकच कटकट होती. त्या पिवळ्या पाण्याला भयंकर चिकटा होता. पन्नास पाने झाली की माझी पाती एकमेकींना धरून बसत आणि खिळ्यात गोंद भरल्यासारखे होई. अंजलै वैतागून म्हणायची, "बसली बया तोंड मिटून." मग गरम पाण्याने आणि स्पिरिटने ती मला घासून काढी. मला ते मुळीच आवडत नसे.

नमशिवायम सरांचा एक नेम होता. त्या भागात आडी महिना लागला, म्हणजे आपल्याकडच्या आखाडात, की नव्या नवरीला माहेरी नेतात. सर म्हणत, आपल्या नळीतल्या जीवाणूंनाही वर्षातून एकदा माहेरी धाडले पाहिजे. म्हणजे काय, तर नळीतले जीवाणू काचघरातल्या जिवंत भाताला लावायचे, भात आजारी पडू द्यायचा आणि त्या आजारी पानातून जीवाणू पुन्हा काढून नव्या नळीत ठेवायचे. त्या दिवशी अंजलै नळीला कुंकवाचे बोट लावी आणि सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. बायका विचारत, सासूने साडी दिली का गं हिला? सगळे हसत. मला तो नुसता पोरखेळ वाटे.

मग एका वर्षी मोठे वादळ आले आणि काचघराचे छप्पर उडाले. त्याच वर्षी नमशिवायम सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी डॉक्टर पूंगोडी आल्या. वयाने तरुण, कामाला वाघ, दुपारचा दहीभातसुद्धा उभ्याने खाणाऱ्या. त्यांनी सत्तावन्न नंबरचे एक नवे वाण हाती घेतले होते. दाणा बारीक, उतारा चांगला, आणि करप्याला दाद देणार नाही अशी आशा होती. सगळे त्याला नुसते सत्तावन्न म्हणत.

आडी आला. अंजलैने विचारले, माहेरी कधी धाडायचे? मॅडम म्हणाल्या, काचा येऊ देत. दुसऱ्या आडीपर्यंत काचा आल्या, पण चुकीच्या मापाच्या. तिसऱ्या आडीत काचा बसल्या, पण तोवर तो नेम मोडल्यातच जमा होता. नळी फ्रिजमध्ये सुखरूप आहे, दर महिन्याला जुन्या नळीतून नव्या नळीत घालतो आहोत, आणखी काय हवे, असे मॅडमना वाटले. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. हाताशी वेळ नव्हता, एवढेच.

आणि माझे काय झाले? सांगते. पहिल्या वर्षी चिकटा थोडा कमी झाला. दुसऱ्या वर्षी शंभर पाने कापली तरी माझी पाती मोकळीच राहिली. तिसऱ्या वर्षी तर मी साध्या पाण्यात बुडावे तशी बुडत होते आणि सुळसुळ चालत होते. घासणे नाही, स्पिरिट नाही. मला वाटले, सुटले बाई एकदाची. इतके छान काम मी तरुणपणीही केले नव्हते.

त्या नळीत काय घडत होते ते मला फार उशिरा कळले. प्रत्येक जीवाणूच्या पोटात एक लांबलचक मजकूर असतो. त्या मजकुराच्या एकेका वाक्याला जनुक म्हणतात. एकाचे दोन होताना त्या मजकुराची नक्कल होते, आणि लाखो नकलांत कुठेतरी एखादे अक्षर चुकते. असल्या बदलाने कधी काहीच होत नाही, तर कधी जीवाणूची वागणूकच बदलते. एका जनुकात तो चिकटा बनवायची रीत लिहिलेली होती. शेतात त्या चिकट्याच्या जोरावरच जीवाणू पानाच्या शिरा तुंबवतो आणि पानाच्या माऱ्यातून जगतो. नळीत मात्र ना पान, ना मारा, वर आयती साखर. तिथे चिकटा करत बसणे म्हणजे फुकटची मेहनत. ज्याच्या नकलेत ते वाक्य बिघडले त्याची मेहनत वाचली आणि तो इतरांपेक्षा भराभर वाढला. महिन्यामागून महिने नळीत असल्या ऐतखाऊंचीच पोरे-नातवंडे भरत गेली. सरांच्या त्या माहेरवारीत हे ऐतखाऊ भातापुढे टिकायचे नाहीत, मागे पडायचे. ती वारी बंद झाली आणि त्यांचे फावले.

अंजलैच्या ते आधीच लक्षात आले होते. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीआधी ती काडी घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेली. तिने नळीतल्या पिवळ्या थराला काडी लावली आणि उचलली.

"मॅडम, ह्याला तार येत नाही. आधी हातभर यायची, पाकाला येते तशी."

मॅडम कागदांत डोके घालून बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटले, "अक्का, आपण इथं लाडू वळायला बसलोय का? तुम्ही नळ्या धुवा."

आसपासची माणसे हसली. अंजलैही थोडी हसली. मग तिने ती काडी टोपलीत टाकली आणि नळ्या धुवायला गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

तपासणी झाली. चौदाव्या दिवशी सत्तावन्नची पाने हिरवीगार होती. साक्षीची ओळ मात्र नेहमी वीतभर वाळायची, ती या वेळी जेमतेम दोन बोटे वाळली होती. मॅडमनी तिथे दोनदा पट्टी लावून पाहिली. मग त्यांनी लिहिले, यंदा पाऊस कमी, म्हणून रोगाचा जोर कमी. मी त्यांच्या खिशातच होते. मला माहीत होते की पावसाचा काही संबंध नाही, जोर माझ्या पात्यांवरूनच गेला आहे. पण मी खूश होते.

सत्तावन्नचे कौतुक झाले. मद्रासहून मोठे साहेब आले. त्यांनी मला हातात धरून, पान कापत असल्यासारखा फोटो काढून घेतला. मी त्या दिवशी किती चकाकत होते म्हणून सांगू. पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, झाला की चाळीस गावांना सत्तावन्नचे बियाणे वाटायचे ठरले. त्याआधी लोकांना बघायला म्हणून एक शेत हवे होते. अंजलैने आपले शेत दिले.

तिचा नवरा तंगरासु थट्टेखोर माणूस. तो म्हणे, ऑफिसचे बी आहे, आता भात आपला आपण चालत कोठीत येईल, आपण नुसते दार उघडायचे. अंजलैने त्याला गप्प केले, पण तिलाही मनातून तसेच वाटत होते. यंदा पोंगलची हंडी स्वतःच्या शेतातल्या सत्तावन्नची चढवायची, असे तिने शेजारणींना सांगूनही टाकले.

लावणीच्या दिवशी बायकांनी नेहमीप्रमाणे रोपांच्या जुड्या बांधल्या आणि कोयत्याने त्यांचे शेंडे छाटले. तिकडे ती जुनीच रीत आहे. शेंड्यावर किड्यांची अंडी असतात, ती जातात, आणि रोप वाऱ्याने लोळत नाही. पण प्रत्येक छाटलेले टोक म्हणजे उघडी जखम असते. लावणीनंतर पाऊस लागला. बांधावरून, शेजारच्या वाफ्यातून पाणी आले आणि पाण्याबरोबर रानातला करपा आला. तीन आठवड्यांत अंजलैचे शेत उकळते पाणी ओतल्यासारखे झाले. निम्म्याहून अधिक रोपे बुडापासून वाळली.

केंद्रात धावपळ उडाली. मोठे साहेब पुन्हा आले. सत्तावन्न तर तपासणीत पास झालेले, मग शेत वाळले कसे? कुणाची तरी चूक हवी होती. चौकशीत निघाले की अंजलैकडे शेंडे छाटले होते. कशाने छाटले, असे साहेबांनी विचारले. ती म्हणाली, कोयत्याने. साहेबांच्या मनात भलतेच आले. केंद्रातली, रोगात बुडवलेली कात्रीच हिने घरी नेली असणार. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत मॅडमच्या सहीचा कागद लागला. कामगार अंजलै हिने केंद्रातली रोगट कात्री परवानगीशिवाय घरी नेऊन वापरल्याचा संशय आहे, चौकशी पुरी होईपर्यंत तिने कामावर येऊ नये.

मित्रांनो, मी एक दिवसही केंद्राबाहेर गेले नव्हते. त्या सगळ्या काळात मी टेबलावरच्या बरणीत उभी होते. पण माझ्याकडे तोंड आहे ते फक्त कापायला. येणारे-जाणारे तो कागद वाचत होते. गावात बायका अंजलैला विहिरीवर विचारत होत्या, खरंच नेलीस का गं? बावीस वर्षे ज्या हाताने मला सांभाळले, त्या हाताला माझ्या नावाने चोर ठरवले, आणि मी बरणीत स्वच्छ, कोरडी, मोकळी उभी होते.

चार दिवसांनी अंजलै आली. रखवालदाराने अडवले, तरी ती आत शिरली. तिच्या एका हातात तिच्या शेतातले वाळके रोप होते. ती मॅडमच्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, समजा मी नेली कात्री. कात्रीला काय लागलेलं होतं? तुमच्या नळीतलंच ना?"

मॅडम कागद चाळत राहिल्या.

"मग तुमच्या नळीतलं घ्या आणि सत्तावन्नला लावा. माझ्या शेतातलं घ्या आणि सत्तावन्नच्याच शेजारच्या ओळीला लावा. तुमच्या नळीतल्यानं माझं शेत वाळलं असेल, तर दोन्हीकडं सारखंच वाळेल. तुमच्या नळीनं काही मरत नसेल, तर मी कात्री न्यायचा प्रश्नच येत नाही."

एवढे बोलून तिने पाण्याचा एक पेला ओढला आणि वाळक्या पानाचा एक तुकडा त्यात सोडला. थोड्या वेळाने कापल्या जागेतून पिवळसर धूर निघावा तसे काहीतरी पाण्यात उतरू लागले. मग तिने बुडातला चीक काडीवर घेतला आणि उचलला. लांब, चकाकती तार आली. तिने ती मॅडमच्या डोळ्यांसमोर तशीच धरून ठेवली. या वेळी मॅडमनी वर बघितले.

पुढचे चौदा दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. दोन पेले भरले होते, एक फ्रिजच्या नळीतल्या जीवाणूंचा आणि एक अंजलैच्या शेतातल्या. मॅडमनी मला स्वतः हातात घेतले. फ्रिजच्या नळीतल्या पेल्यात मी सुळकन बुडाले आणि सुळकन निघाले. मला घासून, निर्जंतुक करून दुसऱ्या पेल्यात घातले, आणि तिसाव्या पानाला माझी पाती धरली. तो जुना चिकटा. मला लगेच ओळखू आला. तीन वर्षे मी काय करत होते ते मला त्या क्षणी कळले. खरे सांगायचे तर आधीही कळत होते, कळून घ्यायचे नव्हते.

चौदाव्या दिवशी फ्रिजच्या पेल्याने कापलेली सत्तावन्नची पाने हिरवी होती. अंजलैच्या शेतातल्या पेल्याने कापलेली वीत-वीत वाळली होती, साक्षीच्या ओळीइतकीच. म्हणजे अंजलै निर्दोष होती. आणि म्हणजेच सत्तावन्न करप्यापुढे टिकणारे नव्हते, कधीच नव्हते. एक खरे करायला गेले की दुसरे आपोआप बुडत होते. मॅडमनी तीन वर्षे त्या वाणात घातली होती. पट्टी हातात घेऊन त्या काचघरातच खाली बसल्या. अंजलै दाराशी उभी होती. तिने त्यांना पाणी आणून दिले.

पोंगलला अंजलैच्या दारात हंडी चढली, ती तिच्या बहिणीकडून आणलेल्या तांदळाची. तंगरासुने त्या दिवशी थट्टा केली नाही.

बियाणे वाटपाचा दिवस आला. मांडव घातला होता. चाळीस गावांची माणसे पोती न्यायला आली होती. मोठे साहेब पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी मॅडमना आधीच सांगून ठेवले होते, की एवढी तयारी झाली आहे, तुमचे आकडे पुढच्या वर्षी बघू. अंजलै मांडवाच्या खांबाला टेकून मागे उभी होती. मी टेबलावर फुलांच्या ताटात ठेवलेली होते, कारण पोत्याची पहिली दोरी माझ्याकडून कापायची होती.

मॅडम उठल्या. "ही पोती कुणी नेऊ नका. ह्या भाताला करपा लागतो. आमची तपासणी चुकली, कारण आम्ही नळीत जपलेला जीवाणूच बदलून निकामी झाला होता. अंजलै अक्कांनी मला ते वेळेवर सांगितलं होतं. मी त्यांना नळ्या धुवायला पाठवलं."

मांडवात कुजबुज झाली. साहेब ताडकन उठून निघून गेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, मग आता न्यायचे काय? मॅडमनी सांगितले, यंदा तुमचे जुनेच वाण लावा, आणि लावताना शेंडे छाटू नका, त्या जखमांतून रोग शिरतो. अंजलैने मागून मान हलवली. तिने स्वतःही ती चूक केली होती, आणि ते ती लपवत नव्हती.

मांडव रिकामा झाल्यावर मॅडम तिच्याजवळ गेल्या. उद्यापासून कामावर या म्हणाल्या. शेताची भरपाई मागून घेऊ म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

अंजलै म्हणाली, "शेत गेलं, त्याचं एवढं नाही वाटलं मला. पुढल्या साली पिकेल. तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवलंत. तो कागद जेवढ्या मोठ्या अक्षरात लावला होता, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुसरा लावा. मग येते."

मॅडमनी त्याच दुपारी तो दुसरा कागद स्वतःच्या हाताने लिहिला. "अंजलैने कात्री कधीही घरी नेली नव्हती. तीन वर्षे जीवाणूंना भातावर नेऊन परत आणले नाही, ही चूक माझी. साक्षीची ओळ वाळली नाही तेव्हा मी पावसाला दोष दिला, ही चूकही माझी." खाली सही. फळ्याजवळ गर्दी झाली. अंजलैने तो कागद दोनदा वाचला, मग शर्टाच्या बाह्या वर सारून कामाला लागली.

मीही तो कागद ऐकला. कुणीतरी मोठ्याने वाचत होते. त्यात अंजलैचे नाव होते, मॅडमचे होते, सत्तावन्नचे होते. माझा दोष कुठेच नव्हता. निर्जीव कात्रीला कोण दोष देणार? उलट कुणीतरी म्हणाले, कात्री बिचारी चांगली आहे.

म्हणून मित्रांनो, माझा कागद मी तुमच्यासमोर लावते आहे. तुम्ही मोठे होऊन प्रयोगशाळेत बसाल, शेतात उभे राहाल, नाहीतर आणखी कुठे असाल. तुमच्या हातातल्या अवजारांना स्वच्छ ठेवा, धार लावा. आणि एखाद्या दिवशी रोजचे अवघड काम उगाचच सोपे झाले, तर घटकाभर थांबा आणि जो ते काम रोज हाताने करतो, त्याला विचारा. मी थांबले नाही. पाती मोकळी चालत होती, आणि मला बरे वाटत होते.